एकाच 'घेई छंद'ची पाच रूपं: 'कट्यार'ची कोणती आवृत्ती अस्सल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट पाहिलात, आवडला, म्हणून मूळ नाटकातली पदं शोधायला गेलात. तर एकाच 'घेई छंद मकरंद'ची पाच-सहा रूपं हाती लागली. कुठलं चार मिनिटांत आटपतं, कुठलं संपता संपत नाही, आणि दोन तर चालीनेच वेगळी. वडिलांना ऐकवलंत तर ते म्हणाले, "वसंतरावांनंतर सगळं पाणी घातलेलं दूध." तुम्ही विचारता, यातलं अस्सल कोणतं आणि तुलना करायची तर कशी करायची?

मी गेली सव्वीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. जुन्या टेपा गोळा करून त्या संगणकावर उतरवून घ्यायचं व्यसनही आहे. त्यामुळे हा प्रश्न मला रंगपटात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, आपल्या लाडक्या गायकाच्या बाजूने एक मत हवं असतं. तुमचा प्रश्न तसा वाटला नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या मुख्य कोड्याबद्दल. चालीने वेगळी दोन 'घेई छंद' सापडली, त्यात कुणाची चूक नाही की कुणी नंतर चाल बदललेली नाही. या नाटकात ते पद मुळातच दोनदा आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने १९६७ मध्ये रंगमंचावर आणलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. नाटकाचा विषयच मुळी दोन गायकींचा झगडा. एकीकडे पंडित भानुशंकरांचं गाणं, दुसरीकडे खाँसाहेब आफताब हुसेन यांचं. आता हा झगडा नुसत्या संवादांतून सांगितला असता तर प्रेक्षकाला तो मान डोलवून मान्य करावा लागला असता. अभिषेकींनी तेच शब्द दोन चालींत बांधले आणि झगडा थेट कानावर घातला.

पंडितजींच्या वळणाचं पद प्रसाद सावकारांच्या आवाजात ऐका. शब्द आधी, सूर त्याच्या मागून हात धरून चालल्यासारखा. 'मकरंद'वर थांबायचं तर थांबतात, घाई नाही. मग लगेच मूळ नाटकात खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांचं पद लावा. शब्द तेच, पण इथे शब्द म्हणजे उडी मारायची फळी. एक ओळ जेमतेम सांगून होते न होते तोच तान सुटते, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना असं वाटतं की हा माणूस सम चुकवणार, आणि तो चुकवत नाही. पद भुंग्याचं आहे. पहिल्यात भुंगा फुलात बसलेला दिसतो, दुसऱ्यात तो अख्खी बाग पालथी घालतो.

म्हणजे 'अस्सल कोणतं' असं विचारून यातलं एक ठेवलं आणि दुसरं टाकलं, तर नाटकच निम्मं टाकल्यासारखं होतं. वसंतरावांचं पद एकटं ऐकून त्यावर जीव टाकणारे खूप भेटतात, मीही टाकतो. पण एकटं ऐकलं की ती नुसती थोर गायकी असते. सावकारांच्या नंतर ऐकलं की ते उत्तर होतं, आणि त्यात थोडी मग्रुरीही ऐकू येते. खाँसाहेबांच्या स्वभावात ती मग्रुरी आहेच. पंडितजींच्या हवेलीत पाऊल टाकताना ते 'या भवनातील गीत पुराणे' म्हणतात, ते काय गृहप्रवेशाचं गोड गाणं आहे? इथले मवाळ, हळवे सूर बाहेर काढा असा तो हुकूम आहे. हे माहीत नसताना ते पद सकाळी चहाबरोबर ऐकणारे लोक मला माहीत आहेत. ऐकोत बापडे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की गायकाशी गायक ताडायच्या आधी, पद नाटकात कुठे येतं, कोण कुणाला ऐकवतो, हे बघा. संहिता छापील मिळते. ती वाचायला एक संध्याकाळ पुरते.

दुसरी गोष्ट माध्यमाची. इथेच बहुतेकांची तुलना घसरते, माझीही वर्षानुवर्षं घसरत होती.

तुम्हाला सापडलेली रूपं साधारण चार ठिकाणांहून आलेली असणार: तबकडीसाठी गायलेलं, नाटकाच्या प्रयोगात गायलेलं, मैफलीत गायलेलं आणि चित्रपटासाठी गायलेलं. तबकडीवर वेळेचा चाप असतो. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं बसायची. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत रंगवलेलं पद तेवढ्यात कोंबायचं म्हणजे लय वाढवायची, आलाप कापायचे. आपल्या पिढीला जे 'बालगंधर्व' ठाऊक आहेत ते त्या साडेतीन मिनिटांतले. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये समोरासमोर उभे राहिले, त्या रात्री काय झालं ते तबकडीवरून समजणार नाही. 'कट्यार' आलं तोवर लाँगप्ले तबकड्या होत्या, तरी अख्ख्या नाटकातली पदं त्यावर मांडायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटंच येणार. म्हणून तबकडीवरचं पद हे पदाचं नेमकं, धुतलेलं, इस्त्री केलेलं रूप समजा. चाल शिकायची असेल तर तेच घ्या. मी स्वतः नवीन पद बसवताना आधी तबकडीच लावतो.

प्रयोगातलं ध्वनिमुद्रण हा वेगळाच प्राणी आहे. गाणारा नट नुकता चार पावलं चालून आलेला असतो, कधी एखादं ओरडून म्हटलेलं वाक्य संपवून लगेच षड्जावर यायचं असतं. त्याचा दम सावरेपर्यंत ऑर्गनवाला दोन आवर्तनं जास्त भरतो. टेपवर ऐकणाऱ्याला वाटतं, साथीदार पुढेपुढे करतोय! एका प्रयोगाच्या टेपवर तबला इतका पुसट होता की मी तबलजीला बरीच नावं ठेवून मोकळा झालो. पुढे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं की त्या दिवशी एकच माइक चालू होता, तोही गायकाच्या बाजूच्या विंगेत. तबलजी बिचारा जीव तोडून वाजवत होता.

मैफलीतलं पद तिसऱ्या जातीचं. वसंतराव १९८३ मध्ये गेले. म्हणजे 'कट्यार' आल्यावर सोळा वर्षं ही पदं त्यांच्या गळ्यात होती, आणि मैफलीत लोक फर्माईश करायचेच. तिथे खाँसाहेबांची टोपी उतरलेली असते. समोर पंडितजींची मुलगी उमा नाही, शिष्य सदाशिव नाही, प्रवेश संपवायची घाई नाही. 'सुरत पिया की' हे पद मुळात एका रागातून दुसऱ्यात शिरत जाणारं, त्यामुळे मैफलीत त्याला मोकळं रान मिळतं. गाणं म्हणून मैफलीतली रूपं मला कित्येकदा जास्त आवडतात. पण ती ऐकून "नाटकात असं गायचे" म्हणू नका. नाटकात असं गायले असते तर शेवटची लोकल चुकली म्हणून प्रेक्षकांनी ओरडा केला असता.

आता चित्रपटाकडे येतो, कारण तुमची सुरुवात तिथून आहे आणि त्याची लाज बाळगायचं काहीएक कारण नाही.

'कट्यार'च्या बाबतीत नशिबाने आपल्याला एक फार दुर्मीळ सोय मिळाली आहे. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं, त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे सदाशिव. दोघे स्वतः उभे राहून बोलायचे आणि गायचे. पाच वर्षांनी भावे यांनीच चित्रपट केला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, पण आवाज राहुल देशपांड्यांचाच. सदाशिव झाले खुद्द भावे, आणि गळा महेश काळेंचा. म्हणजे तोच गायक, तीच भूमिका, दिग्दर्शकही तोच, बदललं फक्त माध्यम. वसंतराव विरुद्ध राहुल असा सामना लावण्यापेक्षा ही तुलना शंभरपट जास्त शिकवते, आणि ती फारसं कुणी करत नाही.

करून बघा. रंगमंचावरच्या राहुल देशपांड्यांचं कुठलंही पद घ्या आणि तेच चित्रपटातलं. रंगमंचावर ताना सुटतात त्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला हव्यात अशा बेताने. आवाजाला धार लावलेली असते, तान संपली की श्वास ऐकू येतो, आणि मग टाळी पडेपर्यंत एक क्षण लोंबकळतो. त्या क्षणात नटाला पवित्रा धरून उभं राहावं लागतं. स्टुडिओत माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. कुजबूज केली तरी पोचते, म्हणून आवाज मऊ होतो, बारीक मुरक्या जिवंत राहतात. श्वास काढून टाकतात. टाळीचा क्षण तर नाहीच, त्या जागी वाद्यवृंद भरलेला किंवा कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेलेला. गायक तोच आहे, तरी रंगमंचावरचा राहुल समोर बसलेल्यांना जिंकायला निघालेला वाटतो आणि पडद्यावरचा तुम्हाला एकट्याला सांगतोय असं वाटतं. मग वसंतराव आणि राहुल यांच्यात जो फरक तुम्हाला जाणवतो, त्यातला किती गळ्याचा आणि किती माइकचा, हे आधी वेगळं काढायला नको का?

गळ्याचा आणि वयाचा फरक उरतोच, तो नाकारत नाही. १९६७ मध्ये वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात नोकरी करत गाणं सांभाळलं होतं. वर्षानुवर्षं डावलल्याची खंत उराशी धरलेला खाँसाहेब त्यांना रंगवावा लागला नसेल, असं मला नेहमी वाटतं. २०१० मध्ये राहुल तिशीच्या आसपास. त्यांचा खाँसाहेब जास्त रागीट वाटतो, वसंतरावांचा जास्त दुखावलेला. हा माझ्या कानाचा निवाडा आहे, भांडायला हरकत नाही.

चित्रपटाने कथेतही मोठा फेरफार केला आहे, आणि तो संगीतात ऐकू येतो. पंडितजींचा भाग बराच फुलवला, कारण ती भूमिका शंकर महादेवन यांच्याकडे होती. पडद्यावरच्या मुख्य गायकांत स्वतःच्या गळ्याने गाणारे तेवढे एकच. त्यामुळे पंडितजींचं गाणं, जे नाटकात बरंचसं इतरांच्या आठवणीतून आणि शिष्यातून समजायचं, ते चित्रपटात प्रत्यक्ष समोर येतं. याचा फायदाही आहे आणि तोटाही. फायदा असा की नवख्या प्रेक्षकाला दोन गायकी लगेच कळतात. तोटा असा की नाटकातले पंडितजी बरेचसे न गाता जे साधतात, ते बळ पातळ होतं. मला तोटा जास्त वाटतो, माझ्या बायकोला फायदा.

चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींची पदं ठेवून 'सूर निरागस हो', 'मनमंदिरा', 'अरुणि किरणी', 'यार इलाही', 'दिल की तपिश' अशी नवी भर घातली. ही नाटकात शोधू नका, मिळणार नाहीत. माझ्याकडे शिकायला येणारे दर वर्षी दोन-तीन जण तरी 'सूर निरागस हो' हे जुनं नाट्यपद समजून येतात. चूक त्यांची नाही. गणपतीला आळवून सुरुवात करायची ही संगीत नाटकाची नांदीची रीतच त्या गाण्याने उचलली आहे, म्हणून ते जुनं वाटतं. 'अरुणि किरणी'साठी महेश काळेंना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळे हे अभिषेकींचेच शिष्य, त्यामुळे नव्या चालीत जुन्या घरातले पडदे दिसतात. ज्यांना चित्रपटातलं सगळंच बाजारू वाटतं त्यांना मी हे एक गाणं ऐकवतो आणि गप्प बसतो.

आता एक तांत्रिक बाब, कारण ती न तपासता केलेली तुलना सरळ फुकट जाते. पट्टी आणि वेग. जुन्या टेपा आणि तबकड्या उतरवताना यंत्र थोडं जलद किंवा सावकाश फिरलं की आवाज चढतो किंवा उतरतो. साधारण सहा टक्के वेग वाढला की पट्टी अर्ध्या सुराने चढते, पेटीवरच्या पांढरी एकची काळी एक होते. सहा टक्के म्हणजे कानाला पटकन कळतही नाही, फक्त गाणं 'जास्त तडफदार' वाटतं. एका नामवंत गायकाच्या खासगी टेपेवरून मी मित्रांत बरेच महिने सांगत होतो की तरुणपणी ते अर्धा सूर वर गायचे. एक दिवस त्याच मैफलीची दुसऱ्या घरातली प्रत मिळाली. ती अर्धा सूर खाली आणि पंधरा मिनिटांच्या गाण्याला जवळजवळ एक मिनिट जास्त. माझी प्रत पळत होती, गायक नव्हे.

ओळखायचं कसं? निवेदन किंवा मध्ये बोललेली वाक्यं असतील तर ती ऐका. बोलण्याचा आवाज आपल्या ओळखीचा असतो, तो जरा किनरा झाला की लगेच खटकतो. बोलणं नसेल तर बायाँ, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा डग्गा, ऐका. टेप पळत असेल तर बायाँची घुमारी आखडते, डग्गा रिकाम्या डब्यासारखा लागतो. आणि एकाच कार्यक्रमाच्या दोन प्रती असतील तर दोन्हींची लांबी मोजा, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. नेटवर चढवलेल्या रूपांत तर काही वेळा मुद्दामही वेग बदललेला असतो. दुसरं म्हणजे खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसून टाकलेला असतो. गायक एकदम उघडा पडल्यासारखा, कोरडा वाटला तर गायकाला बोल लावण्याआधी तंबोरा ऐकू येतोय का ते बघा.

चित्रित रूपांबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. 'कट्यार' त्याआधी पाच वर्षं चालू होतं, तेव्हा पहिल्या दिवसांतला प्रयोग कुठेतरी टीव्हीसाठी टिपलेला असेल या आशेने रात्री जागवू नका. नंतरच्या काळात संगीत नाटकांची जी चित्रणं झाली, ती ठरलेल्या वेळेत बसवण्यासाठी पदं कापून केलेली असायची, आणि स्टुडिओत केलेली असली तर समोर प्रेक्षक नसायचा. प्रेक्षक नसला की संगीत नटाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. तान घेऊन झाल्यावर नजर आपोआप अंधाराकडे जाते, तिथे कुणीच नसतं, आणि पुढची तान तो घेतच नाही.

तर काय आधी ऐकायचं? तुम्हाला काय हवं त्यावर आहे. गायकी समजून घ्यायची असेल तर सावकार आणि वसंतराव यांची तबकडीवरची जोडी, मग वसंतरावांची मैफल. नाटक म्हणून समजून घ्यायचं असेल तर संहिता वाचून २०१० च्या संचातलं जे काही प्रयोगाचं चित्रण मिळेल ते. घरातल्या लहान मुलाला गोडी लावायची असेल तर बेधडक चित्रपट. माझ्या पुतणीला मी वसंतरावांच्या टेपेने सुरुवात करून दिली होती, ती अकरा मिनिटांत झोपली. चित्रपटानंतर तिने स्वतःहून ती टेप मागितली.

वडिलांचं म्हणणं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण तुम्ही दोघं एकच गोष्ट ऐकत नाही आहात. त्यांनी वसंतरावांना थिएटरात बसून ऐकलं असेल, तर तबकडी वाजायला लागली की त्यांना ती रात्र ऐकू येते, शेजारी कोण बसलं होतं इथपर्यंत. त्या पदात कमी असलेलं सगळं ते स्वतः भरून घेतात. तुमच्या वाट्याला नुसती तबकडी आहे. उलट चित्रपट तुम्ही मोठ्या पडद्यावर पाहिलात आणि त्यांनी कदाचित घरच्या टीव्हीवर, जेवता जेवता. या सौद्यात चित्रपट हरणारच होता.

आणि तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलं आहे की वडिलांकडे त्या काळची एक कॅसेट माळ्यावर आहे, तर ती काढल्या काढल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आधी खिडकीतून फितीची कड बघा. पांढरट भुरा दिसला तर ती बुरशी आहे, तशी वाजवली तर यंत्राचं डोकंही खराब होईल आणि फीतही. भुरा नसेल तर कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध जो छोटा नमद्याचा तुकडा असतो तो जागेवर आहे का पाहा. जुना गोंद सुकून तो बहुतेक वेळा पडलेला असतो, आणि मग आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं टेप मेली. स्क्रूवाली दुसरी कॅसेट घेऊन फीत त्या खोक्यात बसवली की आवाज पुन्हा उघडतो. एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा, आणि पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. कॅसेटवर काय आहे ते कळवा. लेबलवर नुसतं 'कट्यार' लिहिलं असेल तर त्यावर जाऊ नका, अशा तीन कॅसेटींत मला 'मत्स्यगंधा' सापडलं आहे.